सड्यावरच्या छोट्या घराची वीज: आधी जुलैचा हिशोब, मग नकाशा

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि बरोबर जोडलेला मिस्त्रींनी काढलेला नकाशाही बघितला. बाकी वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. राजापूर तालुक्यात सड्यावर (उघड्या कातळाच्या पठारावर) यांची दोन एकर जागा आहे, तिथे चारशे चौरस फुटांचं चिऱ्याचं कौलारू घर बांधायचंय, नवराबायको दोघं कायमचे राहायला जाणार, दोघांचं थोडंफार काम लॅपटॉपवर चालतं, सासूबाई अधूनमधून येऊन राहतील. विजेचा खांब इतका लांब आहे की लाईन ओढायचा खर्च घराच्या खर्चाच्या बरोबरीला जातोय, म्हणून सोलर. एका दुकानदाराने तीन किलोवॉटची पॅनल कौलांवर, दीडशे एएचच्या चार ट्युब्युलर बॅटऱ्या माळ्यावर आणि एक इन्व्हर्टर असं कोटेशन दिलंय. मिस्त्रींच्या नकाशात स्वयंपाकघर आग्नेयेला (सासूबाईंचा आग्रह), न्हाणी-संडास वायव्येला सुटं, त्याच्या स्लॅबवर टाकी. यजमानांना गिझर हवाय. आणि तुमचा प्रश्न असा की यात काय कुठे ठेवायचं आणि एवढी वीज पुरेल का.

पुरेल का याचं उत्तर आधी देतो, कारण बाकी सगळं त्यावरून ठरतं. हे कोटेशन एप्रिलच्या उन्हात बसून काढलंय. एप्रिलमध्ये कोकणात एक किलोवॉटचं पॅनल दिवसाला चार-साडेचार युनिट आरामात देतं, तेव्हा काहीही लावा, पुरतं. जुलैत तेच पॅनल सरासरी दोन-अडीच युनिटवर येतं आणि झड लागली, चार-चार दिवस सूर्य दिसला नाही की एका युनिटच्याही खाली जातं. तुम्ही तिथे बारा महिने राहणार आहात, म्हणजे तुमचं घर जुलैच्या त्या आठवड्यासाठी बांधायचंय. एवढं एक डोक्यात पक्कं ठेवा.

आता जुलैतला एक दिवस कागदावर काढू. दोन बीएलडीसी पंखे (हेच घ्या, साधा पंखा पंचाहत्तर वॉट खातो, हा तीसेक), दहा तास चालले तर ०.६ युनिट. नऊ वॉटचे सहा दिवे, पाच तास, पाव युनिटच्या जरा वर. लहान सिंगल डोअर फ्रीज, चांगल्या रेटिंगचा, अर्धा ते पाऊण, ०.६ धरू. वायफायचा राउटर दिवसरात्र चालू, पाव युनिट, हा कुणी मोजतच नाही. दोन लॅपटॉप सहा तास, ०.६. टीव्ही तीन तास ०.२, मिक्सर नगण्य, पंप ०.१५ च्या आसपास. बेरीज पावणेतीनच्या जवळ जाते.

आणि आता ती गोष्ट जी कोटेशनमध्ये कधीच नसते. इन्व्हर्टर स्वतः वीज खातो. तीन-पाच किलोवॉटचा इन्व्हर्टर काहीही लोड नसताना, सगळे स्विच बंद असताना, नुसता चालू ठेवला तरी तीस ते पन्नास वॉट घेत बसतो, चाळीस धरले तर चोवीस तासात जवळजवळ एक युनिट झालं, म्हणजे तुमच्या फ्रीजपेक्षा जास्त! एप्रिलमध्ये हे कळतही नाही, जुलैत हेच युनिट रात्री पंखा चालणार की नाही ते ठरवतं. म्हणून दुकानदाराला विचारा, याचा नो-लोड कन्झम्प्शन किती, डेटाशीटमध्ये दाखवा, आणि उगाच मोठा इन्व्हर्टर घेऊ नका. तुम्हाला तीन केव्हीएचा प्युअर साइन वेव्ह (लाईनच्या विजेसारखीच वीज देणारा) पुरे. त्याहून लहान घेऊ नका कारण पंपाची मोटर सुरू होताना क्षणभर तिच्या नेहमीच्या तिप्पट-चौपट करंट ओढते.

तर दिवसाला साडेतीन युनिट धरून चाला. त्याला पाचशे चाळीस वॉटची चार पॅनल, म्हणजे दोन किलोवॉटच्या जरा वर, बस होतात. साध्या जुलैत साडेचार युनिट येतील, वाईट दिवशी दोनच्या आत. तिसरा किलोवॉट घेऊ नका असं मी म्हणत नाही, पॅनल हल्ली सगळ्यात स्वस्त वस्तू आहे आणि ढगाळ दिवशी जास्त पॅनल म्हणजे जास्त वीज हे खरंच आहे, पण पैसे मोजकेच असतील तर ते आधी बॅटरीत घाला.

बॅटरीचं मात्र ठाम सांगतो, लेड-ॲसिड, म्हणजे कोटेशनमधल्या त्या ट्युब्युलर, घेऊ नका. कागदावर चार ट्युब्युलर म्हणजे सात युनिटच्या वर दिसतात, पण त्या निम्म्याच्या खाली उतरवल्या की लवकर मरतात, म्हणजे हातात साडेतीन. आणि त्यांना सगळ्यात जास्त त्रास होतो तो अर्धवट चार्ज राहण्याचा, प्लेटांवर सल्फेट बसत जातं आणि कपॅसिटी गळते. कोकणातला पावसाळा म्हणजे दोन-तीन महिने अर्धवट चार्ज! त्यापेक्षा लिथियम आयर्न फॉस्फेटची एक ५१.२ व्होल्ट १०० एएचची बॅटरी घ्या, पाच युनिटची, त्यातली चारच्या वर खरोखर वापरता येतात, अर्धवट चार्जचं तिला वावडं नाही, पाणी भरायला नको. आज महाग वाटेल, पण तीन ते पाच वर्षांनी ट्युब्युलर बदलायची वेळ येते तेव्हा तुम्ही परत राजापूरहून टेम्पो करणार का? शिवाय ट्युब्युलर एकेक पन्नास किलोच्या पुढे, चार्ज होताना हायड्रोजन सोडणारी, आणि ती माळ्यावर ठेवायची, कौलाखालच्या उकाड्यात, झोपायच्या खोलीच्या डोक्यावर... हे तर अजिबात नको.

आता जागा.

घराच्या उत्तरेला पडवी काढताय ना, तिच्या आतल्या भिंतीत एक कपाटाएवढी खोली काढा, चार फूट रुंद, दोन-अडीच फूट खोल, दार पडवीकडे उघडणारं. उत्तरेची भिंत सगळ्यात गार राहते. त्यात खाली बॅटरी, वर इन्व्हर्टर, बाजूला डीसी (पॅनल-बॅटरीकडची वीज) आणि एसीचे (घरात जाणारी वीज) बोर्ड. बॅटरी ते इन्व्हर्टर हे अंतर हातभर ठेवा, कारण तिथे व्होल्टेज कमी आणि करंट जास्त असतो. कुणी बारा व्होल्टची सिस्टिम सुचवली तर सरळ नाही म्हणा, हजार वॉटला बारा व्होल्टवर ऐंशीच्या वर अँपिअर जातात, अठ्ठेचाळीसवर वीस-एकवीस. चार स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरीतून बारा व्होल्टवर नुसते अडीचशे वॉट दहा मीटर लांब नेले तरी दोनेक व्होल्ट वाटेतच जातात, बारातले दोन! उलट पॅनल चारही सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक, जोडली की दीडशेच्या वर व्होल्टेज मिळतं, तिथे शंभर फूट लांब गेलात तरी दोन-तीन टक्क्यांवर नुकसान जात नाही (इन्व्हर्टरचा एमपीपीटी, म्हणजे पॅनलची वीज आत घेणारा भाग, एवढं व्होल्टेज घेतो ना, ते आधी बघा). म्हणजे पॅनल लांब चालतील, बॅटरी जवळच हवी, आणि लोक बरोब्बर उलटं करतात, पॅनलच्या खाली बॅटरीची खोली आणि तिथून घरापर्यंत बारीक वायर.

त्या कपाटाच्या दाराला खाली-वर हवेची भोकं लागतील, आणि त्यांना बारीक जाळी लावायचीच, हे विसरू नका. कोकणात इन्व्हर्टर बंद पडला आणि मेकॅनिकने उघडला की बऱ्याचदा आत कार्डावर चिकटलेली पाल निघते. ऊबेला येते, दोन टर्मिनलवर पाय पडतात, ती जाते आणि कार्डही जातं, आणि ते कार्ड यायला पावसाळ्यात आठवडा जातो. दुसरे उंदीर, त्यांना वायरीचं प्लॅस्टिक आवडतं, म्हणून उघडी वायर कुठेही नको, सगळी कंड्युटमधून (वायरीच्या पाइपातून), आणि कंड्युटची तोंडं बंद.

पॅनल कौलांवर नको. तुमच्या छपराचे उतार पूर्व-पश्चिम आहेत, दक्षिणेला तोंडच नाही. कौलावर चढून पॅनल पुसायचं म्हणजे दर वेळी चार कौलं फुटणार आणि गळती शोधत बसा. सड्यावर जागेची काय कमी, जमिनीवर लोखंडी स्ट्रक्चर करा, दक्षिणेला तोंड, पंधरा-सतरा अंशांचा उतार, खालची कड कमरेएवढी वर म्हणजे गवत आणि गुरं दोन्ही लागत नाहीत आणि उभ्याने पुसता येतं. पावसात शेवाळ धरतं, ते बोटाने निघत नाही, ओल्या फडक्याने पुसावंच लागतं. जागा ठरवताना डिसेंबरचं ऊन बघा. तेव्हा राजापुरात भर दुपारीही सूर्य पन्नास अंशांवर असतो, तीस फुटी काजूची सावली दुपारी पंचवीस फूट उत्तरेला पडते आणि सकाळ-संध्याकाळ त्याच्या कितीतरी पुढे जाते. आणि एका फांदीची सावली एका पॅनलवर पडली तरी सिरीजमधल्या चारही पॅनलची वीज कमी होते, म्हणून "एवढीशी सावली आहे" असं म्हणू नका. पत्रात लिहिलेलं ते काजूचं झाड तोडायचं नसेल (नकाच तोडू), तर पॅनल त्याच्या दक्षिणेला सरकवा, तेवढी वायर परवडते.

वाऱ्याचं एक. ३ जून २०२० ला अलिबागच्या दक्षिणेला निसर्ग वादळ धडकलं आणि पुढच्याच मे महिन्यात तौक्ते रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याने वर गेलं. सडा उघडा असतो, वारा अडवायला काही नाही, पॅनल वाऱ्याला पंखासारखं उचललं जातं. स्ट्रक्चर हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवलेलं), नटबोल्ट स्टेनलेस, आणि पाय कातळात ड्रिल करून काँक्रीटमध्ये. नुसते सिमेंटचे ठोकळे ठेवून त्यावर बसवलेलं स्ट्रक्चर दुकानदार देईल, ते घेऊ नका.

पाण्याकडे येतो, आणि इथे तुमची जागा तुम्हाला फार मोठी मदत करतेय जी नकाशात कुठेच दिसत नाही. विहीर वहाळाजवळ, घराच्या चाळीस फूट खाली. पण घराच्या मागे पूर्वेला जागा वीस फूट वर चढते असं तुम्हीच लिहिलंय. मग टाकी न्हाणीच्या स्लॅबवर कशाला? स्लॅब दहा फुटांवर, शॉवर सात फुटांवर, तीन फुटांच्या दाबाने नुसती धार पडते, मग तुम्ही प्रेशर पंप आणणार आणि तो प्रत्येक नळ उघडला की वीज खाणार. वरच्या कातळावर चिऱ्याचा चौथरा बांधा, त्यावर हजार-हजार लिटरच्या दोन टाक्या, घरात नळाला पंधरा-सतरा फुटांचा दाब मिळेल, शॉवर मस्त चालतो. टाकीपासून घरापर्यंत सव्वा इंची पाइप आणा, बारीक आणलात तर दाब वाटेतच जिरतो.

विहिरीतून तिथपर्यंत हजार लिटर चढवायला साधारण पाव युनिट लागतं, त्यात तुमचे दोन-तीन दिवस निघतात. पंप फक्त अकरा ते दोनमध्ये, तेव्हा मिक्सर नको. दोन्ही टाक्या भरलेल्या असल्या की झडीचे चार-पाच दिवस पंपाला हात लावायची गरज नाही. बॅटरी मोठी करण्यापेक्षा टाकी मोठी करणं कितीतरी स्वस्त पडतं, जे काम ऊन असताना करून ठेवता येतं ते बॅटरीवर टाकूच नका. वॉशिंग मशीन, इस्त्री, पंप, सगळं दुपारी.

पागोळ्याचं पाणीही धरा की. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणारा भाग आहे, चारशे चौरस फुटांच्या छपरावरून वर्षाला ऐंशी-नव्वद हजार लिटर वाहून जातं. पन्हळ लावून एक टाकी घराच्या खालच्या कडेला भरत ठेवली की पावसाळाभर संडास-कपडे त्यावर होतात आणि विहिरीचा पंप जवळजवळ लागतच नाही, नेमका जेव्हा वीज कमी असते तेव्हा. सड्यावरचं पाणी जांभ्यातून जिरून जातं, मे महिन्यात विहीर तळाला जाते, तो वेगळा विषय, पण घर बांधतानाच टाकीची जागा सोडून ठेवा.

न्हाणी-संडास वायव्येला सुटं नको. सासूबाईंचं आग्नेयेचं स्वयंपाकघर तसंच राहू द्या, मला ते सगळ्या बाजूंनी पटतं, सकाळचं ऊन येतं. न्हाणी त्याला लागून दक्षिणेच्या भिंतीला आणा, मधली भिंत एकच, सगळे नळ आणि पाइप त्या एका भिंतीत. पाइप कमी, गळती कमी, गरम पाणी वाटेत गार होत नाही, आणि मुख्य म्हणजे पाणी दक्षिणेच्या भिंतीला आणि वीज उत्तरेच्या, दोघं एकमेकांच्या अंगावर येत नाहीत. पावसात अंगण ओलांडून संडासला जायचं हे साठीनंतर जमत नाही, हेही आहेच.

सेप्टिक टँक नैऋत्येला, उताराच्या बाजूला पण विहिरीच्या दिशेने नको. शोषखड्डा आणि विहीर यात साठ फूट तरी सगळीकडेच सोडतात, जांभा मात्र जाळीसारखा सच्छिद्र, त्यात पाणी कुठून कुठे जाईल सांगता येत नाही, तुमच्याकडे जागा आहे तर शंभराच्या वर ठेवा. चार इंची पाइपाला दर दहा फुटाला दोन-तीन इंच उतार. मोरीचं आणि न्हाणीचं सांडपाणी त्यात सोडू नका, ते वेगळं काढून केळी-अळवाला द्या. आणि अर्थिंगचा खड्डा त्या केळींच्या शेजारीच घ्या, कारण कोरड्या कातळात अर्थिंग लागत नाही, मे महिन्यात तर नाहीच, तिथे मात्र माती बारा महिने ओली राहते. पॅनलच्या स्ट्रक्चरला अर्थिंग, डीसी बाजूला सर्ज प्रोटेक्शन (वीज कडाडली की येणाऱ्या झटक्यापासून वाचवणारं), एसी बाजूलाही. जूनच्या सुरुवातीला आणि ऑक्टोबरात सड्यावर विजा कशा कडाडतात हे तुम्हाला सांगायला नको. पॅनलकडून येणाऱ्या वायरीवर ब्रेकर डीसीचाच असला पाहिजे, घरातला साधा एमसीबी तिथे चालत नाही, डीसीची ठिणगी आपोआप विझत नाही आणि आग लागते. इलेक्ट्रिशियन "चालतं हो" म्हणाला तरी ऐकू नका.

आता यजमानांचा गिझर. दोघांच्या आंघोळीचं चाळीस लिटर पाणी वीस अंशांनी तापवायला जवळजवळ एक युनिट लागतं. जुलैत तुमच्या दिवसभराच्या विजेचा पाव हिस्सा पाच मिनिटांत मोरीत. शिवाय गिझर दोन किलोवॉटचा, तो चालू असताना दुसरं काही लावलंत की इन्व्हर्टर ओव्हरलोड. त्यांना सांगा, शंभर लिटरचा ट्यूबवाला सोलर हीटर बसवा, वर्षातले आठ-नऊ महिने कडक पाणी मिळतं, आणि पावसाळ्याला बंब. लाकूडफाटा आगोटीलाच भरून पडवीत रचून ठेवा, पण बॅटरीच्या कपाटापासून लांब. गॅस गिझर घ्यायचा ठरला तर तो न्हाणीच्या बाहेरच्या भिंतीला, आत कदापि नको, बंद न्हाणीत कार्बन मोनॉक्साइडने माणसं गेलेली आहेत. इंडक्शन मात्र घ्या, एप्रिल-मेमध्ये दुपारी दिवसाला नऊच्या आसपास युनिट येणार, बॅटरी अकरालाच भरलेली, ती वीज नाहीतर वाया जाते. तेव्हा इंडक्शन, पावसात सिलिंडर.

आणि सलग झड लागली तर? भरलेली बॅटरी आणि येणारे दोनेक युनिट मिळून अडीच दिवस काही बदलावं लागत नाही. तिसऱ्या दिवशी टीव्ही, दुसरा लॅपटॉप आणि रात्रीचा राउटर बंद, चौथ्या दिवशी फ्रीज रिकामा करून बंद, तेव्हा हवा गारच असते. त्याच्या पलीकडे एक दोन केव्हीएचा छोटा पेट्रोल जनरेटर असावा असं माझं मत आहे, वर्षाला चार-पाचदाच लागेल पण सासूबाई तिथे असताना काळोखात बसायची वेळ नको. जनरेटर पडवीत नाही, घरापासून वीस फूट लांब छपराखाली, धुराचं तोंड घराकडे नको. आणि इन्व्हर्टरच बिघडला तर म्हणून एक-दोन सोलर कंदील वेगळे ठेवा.

अनुदानाचं विचारलंत. फेब्रुवारी २०२४ ला सुरू झालेली पीएम सूर्यघर योजना, जिच्यात ७८ हजारांपर्यंत मिळतात, ती ग्रिडला जोडलेल्या घरांसाठी आहे, तुमचं कनेक्शनच नाही म्हणून ती बसत नाही, कुणी "करून देतो" म्हणत पैसे मागितले तर देऊ नका. विहीर सातबाऱ्यावर असेल आणि शेती करणार असाल तर सौर कृषी पंपाच्या योजनेत शेतकऱ्याला दहा टक्केच भरावे लागतात, अनुसूचित जाती-जमातींना पाच, ती चौकशी जरूर करा. मिळाला तर तो बागेला पाणी देईल, घराची सिस्टिम त्याच्यावर अवलंबून ठेवू नका.

जोतं पुढच्या महिन्यात भरताय असं लिहिलंय, तर एक काम आत्ता. मिस्त्रींना सांगून जोत्यात चार इंची पीव्हीसीचे तुकडे आरपार टाकून घ्या: उत्तरेच्या कपाटाखाली दोन (एक पॅनलची वायर, एक पंपाची), दक्षिणेच्या भिंतीखाली पाण्याला एक, मैल्याला एक, सांडपाण्याला एक, आणि एक जास्तीचा रिकामा, तोंडं बंद करून. टाकीच्या पाइपासाठी आणि वायरीसाठी कातळ फोडायला ब्रेकर येईल तो एकदाच बोलवा, दोन्ही चर एकाच फेरीत, पाणी आणि वीज मात्र वेगवेगळ्या चरात. आणि चर बुजवायच्या आधी टेप धरून फोटो काढून ठेवा, कुठून काय गेलंय ते दिसेल असे. नवा नकाशा काढलात की पाठवा, मी बघतो.